चंद्री म्हशीचे वाचक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की जीभ जड होते – म्हणून लिहिते आहे, तुम्ही जवळचे आहात असं धरून.

नव्वदचं दशक सरत होतं. संगमनेरच्या हॉस्टेलवर देवळाली प्रवराची शैला आणि मी एका खोलीत राहायचो. शैला वहीत चित्रकथा काढायची – चंद्री नावाची म्हैस, जी स्वतःच डेअरीत दूध घालायला जायची आणि फॅटवरून तिथल्या माणसाशी हुज्जत घालायची. संवाद माझे. वही खोल्याखोल्यांतून फिरायची. जी वाचेल तिने शेवटच्या पानावर सही करायची, हा आमचा नियम. वही परत आली की शैला आधी सह्या बघायची. किती गोड दिसायची तेव्हा!

मग माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलं. मी पानं स्कॅन करून त्यावर टाकू लागले. वेबकॉमिक हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. चंद्री आता कुठेही पोचणार होती – पण तिथे सह्यांचं पान कुठलं? वाचणाऱ्यांची पत्रं माझ्या ईमेलवर यायची, आणि पासवर्ड फक्त मला माहीत होता.

पत्रं आली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, कुठून कुठून. एका बाईंनी लिहिलं – चंद्रीचे डोळे बघून माहेरचा गोठा आठवला, कोण काढतं हे? आणि खाली – संवाद नसते तरी चाललं असतं.

ती ओळ मला लागली. फार लागली. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

संध्याकाळी शैला पायरीवर वाट बघत होती. "आलं का गं कुनाचं काही?"

"नाही," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यातही नाही म्हणाले. त्याच्या पुढच्याही. ती हसायची – "म्हशीला कोन वाचतंय! तू मातर लई खपलीस गं." – आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवायची. माझा जीव होता तिच्यावर. तरीही पत्रं मी एकटीच वाचत राहिले.

एक दिवस तिने वही माझ्या हातात दिली आणि चित्रं काढणं सोडलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? त्या दिवशीसुद्धा एक पत्र आलं होतं.

वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर सगळ्यात वर माझीच सही. आणि त्या बाईंना मी तेव्हाच उत्तर पाठवलं होतं, एका ओळीचं – चित्रं मीच काढते.