रिकामा फ्लॅश

माझ्या वडलांचा, आप्पांचा, याशिका कॅमेरा दुकानातल्या काचेच्या कपाटात असतो. जपानी बनावटीचा, एकावर एक दोन भिंगांचा. मुखेडात कुणाच्या घरी लग्नाचा जुना फोटो असला, तर तो बहुतेक ह्यातूनच निघालेला, असं लिंबाजी फोटोवाले, म्हणजे आमचे आप्पा, कुणी विचारो न विचारो, सांगतात. तो कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. लहानपणी मला वाटायचं, विहारात वाकतात तसेच आप्पा लोकांपुढेही वाकतात.

त्यांचा एक किस्सा ठरलेला होता. एका रोलमध्ये फोटो बाराच. वरबापाने सांगितलेलेही तेवढेच. पण लग्नात पन्नास जण पुढे येऊन उभे राहणार. मग आप्पा फ्लॅशच्या पाठीमागचं बटण दाबायचे. लखकन उजेड पडायचा, माणूस खूश होऊन जेवायला जायचा आणि आत रोल जागचा हलायचा नाही. ह्याला आप्पा रिकामा फ्लॅश म्हणत. सगळेच फोटोवाले तसं करायचे म्हणे. सांगताना ते हसायचे, आणि मीही कितीदा तरी पोट धरून हसले आहे, ते लपवून काय उपयोग?

गेल्या वर्षी लातूरहून शिवकन्याबाई आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी.

"भाऊ, माझं लगीन तुमीच काढलं होतं," त्या म्हणाल्या. "त्र्याण्णवच्या वैशाखात. सासऱ्यानं बाराच फोटो घेतले, बाकीचे तुमच्याकडंच ऱ्हायले असतील. त्यात माझ्या आईचा हाय. लेकीचं लगीन ठरलंय. देवघरापाशी आईचा फोटो लावावा म्हणते."

आई रुक्मिणबाई, किल्लारीची. लग्नानंतर पाच महिन्यांनी भूकंपात घराखाली गेली. घरात एकही फोटो नव्हता, आणि असता तरी मातीतून काय निघणार होता? लग्नाच्या बारा फोटोंतही ती नाही, कारण अक्षता पडताना नवरीच्या आईने बघायचं नसतं. ती शेजारच्या अंगणात तुळशीपाशी पाठ करून उभी होती. नंतर लेकीशेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा आप्पांनी फोटो काढला. शिवकन्याबाईंना तो उजेड आठवत होता.

"आठ दिसांनी या," आप्पा म्हणाले.

आप्पांनी पेटारा उघडला. निगेटिव्हच्या पट्ट्या बटरपेपरच्या पाकिटांत, पाकिटावर गाव आणि तारीख. अशी शिस्त माझ्यात नाही. पाकीट अर्ध्या तासात सापडलं. मी एकेक पट्टी कॉम्प्युटरवर घेतली. वरमाय, मामे, सरपंच, नवरदेवाचे मित्र, पुन्हा वरमाय. बारा संपले.

"अजून एखादा रोल असंल," मी म्हणाले.

"न्हाई. एकच भरला होता."

मग मला समजलं. मुलीकडची माणसं, त्यात जुन्या लुगड्यातली बाई. तिच्यासाठी फोटो कोण खर्च करणार? इतकी वर्षं ज्याला आम्ही हसलो, तो किस्सा ह्या बाईच्या वाट्याला आला होता. मला आप्पांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली. "वाळवी लागली म्हणून सांगा," मी म्हणाले. "त्यांनाबी बरं, तुम्हालाबी बरं." आप्पा पाकिटाची घडी घालत बसले.

आठव्या दिवशी शिवकन्याबाई आल्या आणि आप्पांनी सगळं सांगून टाकलं. खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत.

शिवकन्याबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पंचमीला आई माझ्याकडं आली होती. तवा मी हितंच सासरी नांदत होते. बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात येऊन गेली. तिला काय सांगितलं?"

"नांदेडला धुवायला गेलाय म्हणलो. लई छान आलाय म्हणलो."

"हाव. तेच सांगत होती ती सगळ्यांला. माझा फोटो लई छान आलाय म्हणून." त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "एक सांगा भाऊ. फोटो न्हाई काढला, पर तुमी काचेत तर बघितलं आसंल. आई कशी दिसत होती? मला आता लुगडं आठवतंय, हात आठवतेत, तोंड आठवंना झालंय."

आता मात्र खोटं बोला, असं मी मनातल्या मनात आप्पांना विनवत होते. छान दिसत होती म्हणायला काय लागतं?

"मी नुसती मान खाली घातली होती," आप्पा म्हणाले. "काचेत बघितलं न्हाई."

शिवकन्याबाईंनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडतच नव्हत्या. मग त्या उठून मागच्या निळ्या पडद्यापाशी गेल्या, पदर डोक्यावर घेतला, दोन्ही खांद्यांवर सारखा केला. "लोक म्हणत्यात मी आईवर गेलेय," त्या मला म्हणाल्या. "आई तवा माझ्याहून थोडी ल्हान होती. माझाच काढ बाई. उजेड नको पाडू. आन् काढला की आधी मला दाखव."

मी माझ्या कॅमेऱ्यावर काढला आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, खिडकीपाशी नेला. चेहरा कसा मोठा करायचा ते मी दाखवलं. त्या कपाळ बघत होत्या, नाक बघत होत्या, पुन्हा कपाळाकडे जात होत्या. आप्पा कपाटाला टेकून उभे होते.

"न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "ही आई न्हाई. पुसून टाक."

त्यांच्यादेखत मी तो फोटो पुसला. तो गेला ह्याची त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि लातूरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.