अंबरनाथचा लेथ आणि मी घासून टाकलेल्या खाचा

एरवी या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर घाट आणि समुद्रकिनारे फिरता. या वेळचा प्रवास बदलापूर ते उल्हासनगर, वाटेत अंबरनाथ, तोही स्कूटरवर. नाकं मुरडू नका. इतका महागात पडलेला प्रवास मी दुसरा केलेला नाही. पैशांचं म्हणत नाही मी.

आम्ही बदलापुरात बेलवलीला तळमजल्यावर राहतो, मागे पत्र्याची शेड आहे. यूट्यूबवर लोक गंजकं यंत्र आणतात, रॉकेलने धुतात, रंगवतात आणि शेवटी आधीचा-नंतरचा फोटो टाकतात. असले व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात लेथने घर केलं. लेथ म्हणजे धातूची कांडी गरागरा फिरवून हत्याराने कातून तिला आकार देणारं यंत्र. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा शिवणयंत्र घे की." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगते, मला यंत्रापेक्षा तो शेवटचा चकचकीत फोटो हवा होता. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. शाळेत गणित शिकवायचे तेव्हा फळासुद्धा मी दोनदा पुसायचे.

शनिवारी सकाळी आठला निघाले. तुम्हीही लवकरच निघा, दहानंतर अंबरनाथच्या चौकांत नुसता धूर खात बसाल. उल्हासनगरात आधी दाल-पकवान हाणलं आणि मग जुन्या मशिनींच्या दुकानांत शिरले. तिथले लेथ बघून घामच फुटला, आमच्या अख्ख्या शेडपेक्षा लांब! एका सिंधी दुकानदाराला माझी दया आली असावी. "दीदी, ये सब कारखाने का माल है. तुम्हाला छोटं पाहिजे ना? अंबरनाथ वेस्टला भोईर काका आहेत, पुराने टर्नर. त्यांची चाळ पाडतायत, मशीन निकालना है. बहुत अच्छा रखा है."

भोईर काका दारातच बसले होते. सत्तरी ओलांडलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. आवाज ऐकून म्हणाले, "ये बाय, आत ये." सरळ उठून शेडमध्ये गेले आणि मशीन सुरू केलं. एक हात हत्यार सरकवायच्या चाकावर, तोंड माझ्याकडे. माहेर कुठलं, मुलं किती, पाणी घेणार का, असं सगळं विचारून झालं आणि कांडीही कातून झाली. मी दोन्ही टोकांना मोजून बघितली, जाडीत केसाचाही फरक नाही.

"न बघता करता काका?"

"सवय हाय," म्हणाले आणि हसले. मला वाटलं, म्हातारा पाहुण्यांपुढे जरा ऐट दाखवतोय.

साठ हजारांवरून पन्नासवर आले. पण म्हणाले, "दोन गोष्टी हायत. चाकं हायत तशी ऱ्हाऊ दे, बाकी काय रंगवायचं ते रंगव. न् मशीन सुरू झाली की मला एकदा ने. लेक बांधकामावर मुकादम हाय, त्याला भिंत सरळ हाय का बघायला माझ्या हातचा पितळी ओळंबा द्यायचा ऱ्हायलाय. तेवढा केला की झालं."

"हो हो काका," मी म्हणाले. तेव्हा माझा डोळा मशीनवरच्या काळ्या तेलावर होता.

रविवारी क्रेन आणि टेम्पो करून लेथ बदलापूरला आणला. घेणार असाल तर एक सांगते, उचलताना पुढच्या लांब स्क्रूला दोर बांधू देऊ नका, तो वाकतो. नंतरचे दोन महिने रॉकेल, तारेचा ब्रश आणि हिरवा रंग. नवऱ्याने मला जेवणाचं ताट शेडमध्ये आणून दिलं, हेही नोंदवून ठेवते.

राहिली ती हत्यार सरकवणारी दोन चाकं. त्यांच्या कडांवर कोणीतरी कानशीने खाचा पाडल्या होत्या, कुठे जवळजवळ, कुठे लांब. हिरव्या रंगाशेजारी ती चाकं फार भिकार दिसायला लागली. काका म्हणाले होते ते आठवत होतं मला. जुन्या माणसांचा जीव अडकतो वस्तूंत, असं म्हणून मी ती पिशवीत घालून उल्हासनगरला पॉलिशवाल्याकडे नेली.

त्याने कडेवरून बोट फिरवलं. "दीदी, ये निशान किसीने सोच के मारा है. ठेवू का काढू? मालिक को पूछ लो एक बार."

फोन माझ्या हातातच होता. "काढा," मी म्हणाले. "मला आरसा पाहिजे."

फोटो झकास आला. मग मी काकांना आणायला गेले. सुनेने त्यांना हाताला धरून रिक्षापर्यंत आणलं आणि तो हात माझ्या हातात दिला. "पायरी आली की सांगा हां त्यांना. साखरेने नजर गेलीय ना, सात-आठ वर्षं झाली."

मला चाकांवरच्या त्या खाचा आठवल्या. काका मात्र खुशीत होते. इस्त्रीचा सदरा घातला होता, मांडीवर रुमालात गुंडाळलेली पितळेची कांडी.

शेडमध्ये त्यांनी मशीनवर हात फिरवला. "गुळगुळीत केलीस गं!" कांडी चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात आवळली, मशीन सुरू केलं, हात चाकावर गेला. अंगठा कडेवरून एकदा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. त्यांनी मशीन बंद केलं.

"चाक बदललंस?"

"नाही काका. पॉलिश केलं. चुकलं माझं."

"चकचकीत झालं आसंल."

"मी चाकावरचे आकडे वाचते ना, तुम्ही फिरवा," मी म्हणाले.

"नको बाय. दुसऱ्याच्या डोळ्यांनी नाय जमत." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा मागितला, दोन बिस्किटं खाल्ली, शेड हवेशीर आहे म्हणाले. कांडी चकमध्येच राहू दे म्हणाले. मी त्यांना रिक्षाने घरी सोडून आले.

घरी आल्यावर मी कानस घेऊन बसले, पुन्हा खाचा पाडायला. पण कुठे पाडायच्या? शेवटी फोन केला. "काका, कुठे कुठे होत्या सांगा, मी पाडते. मग तुम्हाला पुन्हा आणते."

काका म्हणाले, "मला कुठं ठावं बाय? ते अंगठ्याला ठावं होतं."

तुम्ही जुनं मशीन घ्यायला जाल तर जरूर जा. फक्त रॉकेलचा डबा उघडायच्या आधी, ज्याने ते चालवलं त्याच्याजवळ एक अख्खा दिवस बसा, आणि तो सांगेल ते ऐका. मी तो आधीचा-नंतरचा फोटो इथे टाकलेला नाही. लेथ उत्तम चालतो. पितळेची कांडी अजून चकमध्येच आहे, मी रोज धूळ पुसताना तेवढी सोडून पुसते.