घरातलं एक मत

आमच्या वॉर्डात मतदार चारशे बारा होते आणि त्यांत मी नव्हतो. घरपट्टी ज्याच्या नावावर, मत त्याचं, असा तेव्हा नगरपालिकेचा नियम होता. आमचं घर बायकोच्या नावावर. सासरे मैंदर्गीचे, त्यांना मुलगा नव्हता, म्हणून सोलापुरातलं हे घर त्यांनी मुलीला लिहून दिलं होतं. गिरणीत कोण आलं, कोण नाही, हे माझ्या हजेरीच्या वहीवरून ठरत असे. पण मतदारांच्या यादीत माझं नाव आलं ते तिच्या नावापुढे, 'अमक्याची बायको' एवढ्यापुरतं.

उभे दोघे होते. एक सूतव्यापारी, सरकारदरबारी वजन असलेला. दुसरा खादी घालणारा वकील. मी वकिलाच्या बाजूचा, आणि माझ्या घरातलं एक मत त्याला मिळावं एवढीच माझी इच्छा होती. वॉर्ड कुणीकडे जाईल याचा मी घरवार कागद केला होता. माग चालवणारे बहुतेक व्यापाऱ्याकडे, गिरणीतले आणि शाळामास्तर वकिलाकडे. बायका मतदार एकोणीस, बऱ्याचशा विधवा. त्यांची मतं मी त्यांच्या मुलांवरून आणि दिरांवरून मांडली. बारा वकिलाला, सात व्यापाऱ्याला. बारांत पहिलं नाव बायकोचं.

एका रविवारी वकील आमच्याकडे आला. मी कोट घालून बसलोच होतो. कागद उघडून त्याला आकडे सांगू लागलो. तो "वा, वा" म्हणत होता, पण पाहत होता आतल्या दाराकडे. शेवटी म्हणाला, "अक्का आहेत ना घरात?"

ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, तसा तो खुर्चीवरून उठला. मला त्याने बसल्याबसल्याच नमस्कार केला होता. तिने त्याला एकच विचारलं, सार्वजनिक नळ भर दुपारी बाराला का सुटतो. निवडून आल्यावर त्याचा विचार करू, असं तो म्हणाला आणि स्वराज्यावर बोलू लागला. ती ऐकून आत गेली. नंतर मी तिला बजावलं, वाचता येत नसलं तरी अडचण नाही, वकिलाची पेटी पिवळी आहे.

"कळलं की," ती म्हणाली.

मतदानाच्या दिवशी व्यापाऱ्याने बायकांसाठी टांगा पाठवला. ती आणि शेजारच्या दोघी बसल्या. मी पायरीवर पाय ठेवला, तर टांगेवाला म्हणाला, "मालक, टांगा मतदारांचा हाय. तुमी चालत या की."

तिघींनी तोंडाला पदर लावला. घोडं म्हातारं होतं, त्यामुळे मागे पडायचीही सोय नव्हती. सबंध रस्ताभर मी चाकाशेजारून चाललो आणि ओळखीचे लोक मला नमस्कार करत होते. ती आत गेली. मला फाटकावर शिपायाने थांबवलं. तिला आत जाताना पाहून मला जे वाटलं त्याला मत्सर हाच शब्द आहे. मी तो बदलून लिहिणार नाही.

बायकांच्या पेट्या वेगळ्या मोजल्या. पुरुषांत माझा अंदाज एका मताने चुकला. बायकांत वकिलाला पडली तीन, व्यापाऱ्याला सोळा. माझ्या कागदावर चौदाने निवडून येणारा वकील सहाने पडला.

घरी आलो तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मी विचारलं, वकिलाला मत देणाऱ्या तिघींत तू होतीस का. सुपातले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "असले तर तुमाला बरं वाटंल, नसले तर वाईट वाटंल. मग कशाला इचारायचं?"

तुम्हा बायकांचं नळावर काय ठरलं होतं, असंही विचारलं. म्हणाली, नळाचंच. व्यापारी म्हणे स्वतः नळावर येऊन उभा राहिला होता आणि पाण्याची वेळ विचारून गेला होता. पुढे महिन्याभरात नळ सकाळी सहाला सुटू लागला. त्याच पाण्याने अंघोळ करून मी हजेरीला जात असे.

पण मला स्वस्थता नव्हती. परसात मी एक खोली बांधली आणि तिची पट्टी माझ्या नावावर लावावी असा अर्ज केला. पट्टी लावून घ्यायला आपण होऊन आलेला माणूस पाहून कारकून हसला. अर्जावर घरमालकिणीची संमती लागत होती. "लावा की," म्हणत तिने अंगठा दिला.

पुढच्या निवडणुकीला यादीत तिच्याखाली माझं नाव होतं. दोघं एकाच टांग्यातून गेलो. परत येताना मी तयारीत होतो: ती विचारेल कुणाला दिलं, आणि मी सांगणार नाही. टांगा आमच्या गल्लीत वळला. घर आलं. तिने कुलूप काढलं, चूल पेटवली, भाकरी केल्या, मला वाढलं.

त्याला आता चार वर्षं झाली. तिने विचारलेलं नाही.