उपस्थिती दोन

सुधाकर साळवे गेला. जाताना मला अडकवून गेला.

मंगळवारी दुपारी लेबर कॅम्पवर जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हार्ट. काल त्याची बॉडी जालन्याला पाठवली.

मी या ग्रुपवर कधी लिहीत नाही. शिक्षण सातवी. काही चुकलं तर लोक काय म्हणतील याचीच धास्ती. नातीला म्हटलं, जरा तपासून दे. ती म्हणाली, "आजोबा, I can't read Marathi."

मग जसं आहे तसं वाचा.

दुबईत चर्चच्या आवारात एक छोटा हॉल आहे. मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, सगळे वेळ वाटून घेतात. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना तिथे शुक्रवारी, पूर्वी दहा वाजता असायची. आमचा रविवार इथे शुक्रवारीच येतो.

एकेकाळी चाळीस माणसं असायची. नगरची, जालन्याची, संगमनेरची. मग कोणी रिटायर झालं, कोणाचा जॉब गेला, कोणी कॅनडा गाठलं. कोरोनानंतर उरलो दोघे. साळवे आणि मी.

मी तर कधीच बंद केलं असतं. पण दर गुरुवारी साळवेचा फोन.

"सलाम, काका. एकट्याची उपासना होत नाही. दुसरा माणूस लागतो."

"मग शोध की!"

"शोधला. तुम्ही."

साळवे तिकडे शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये वेल्डर. शुगर कायम चढलेली, डाव्या पायाची दोन बोटं कापलेली. तरी दोन बस बदलून यायचा. मी दुबईतच, करामा भागातून वीस मिनिटांत पोचणार आणि उशीर माझाच.

आम्हा ख्रिस्ती लोकांतही सलाम म्हणायची पद्धत. कॅम्पवर त्याच्या खोलीत रत्नागिरीचा इस्माईल. तो रोज "वालेकुम सलाम" म्हणून विचारायचा, "मग काय साळवे, जुम्म्याला येतोस का?"

"जुम्म्यालाच जातो रे. आमच्याकडे."

मागच्या वर्षी साळवेची बायको गावी वारली. कंपनी बंद पडायच्या बेतात, व्हिसाचा घोळ, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेला. त्याने तिची माती मोबाईलवर बघितली.

चौथ्या दिवशी शुक्रवार. मला वाटलं, आज तरी हा येणार नाही. आला. इस्त्रीचा शर्ट घालून.

मला राग आला. म्हटलं, "आज तरी देवाला जाब विचार!"

"विचारला ना. बसमध्ये विचारला. खूप भांडलो." पुस्तक उघडून म्हणाला, "आता गाणं काढा."

मी पानं उलटून गाणं शोधलं.

पण खरा वैताग रजिस्टरचा.

हॉलमध्ये एक रजिस्टर असतं. उपासना झाली की उपस्थिती लिहायची. दहापेक्षा कमी माणसं असली तर वेळ दुसऱ्या गटाला. साळवे दर शुक्रवारी सुवाच्य अक्षरात लिहायचा : दोन.

हॉलचं बघणारे थॉमसभाई केरळचे, चांगला माणूस. त्यांनी एकदा हात जोडले. "साल्वे, मैं आँख बंद करने को तैयार है. तुम दस तो लिखो!"

मी पण म्हटलं, "लिही दहा. कोण मोजायला येतंय?"

"कोणाची नावं लिहू काका? जुन्यातले तिघे तर वर गेले."

"ते पण येत असतील ऐकायला. लिही!"

पोट धरून हसला. आणि दोनच लिहिलं.

महिनाभरात दहाची वेळ गेली. आम्हाला मिळाली सकाळची साडेसहा, जेव्हा हॉल कोणालाच नको असतो. थॉमसभाई म्हणाले, "दो से कम हुआ तो बंद करना पड़ेगा."

मी साळवेवर ओरडलो. "झालं समाधान? खलास! आता कोंबड्याबरोबर उठा!"

"तुम्ही साडेपाचला उठा. मी साडेतीनला उठतो."

आणि उठायचा. त्या पायाने. मी म्हणायचो, अरे, फोनवर प्रार्थना करू, देवाला चालतं. तो म्हणायचा, "देवाला चालतं हो. मला नाही चालत."

चौदा महिने. एक शुक्रवार चुकला नाही.

आज पहिला शुक्रवार त्याच्याशिवाय. घरात कोणाला न सांगता गेलो. बीपीची गोळी विसरलो, तीच काळजी वाटेत.

हॉल उघडला, दिवे लावले. प्रार्थना कायम तोच करायचा, मी नुसतं आमेन म्हणायचो. मला मोठ्याने बोलता येत नाही. आज बोललो. अडखळत, तीन-चार वाक्यं. संपलं तर आमेन म्हणायला कोणी नव्हतं. मग मीच म्हटलं.

नंतर रजिस्टर.

खरं सांगतो, मी दोन लिहायला घेतलं होतं. त्याला जाऊन तीन दिवस तर झालेत. थॉमसभाईंनी काहीच विचारलं नसतं. पेन टेकवलं आणि साळवेचा असा संताप आला की काय सांगू. आयुष्यभर मी खोटं लिहायला कधी घाबरलो नव्हतो. ही सवय त्याने बिघडवली.

एक लिहिलं.

थॉमसभाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "काका, अगला शुक्रवार तक मैं कुछ नहीं बोलेगा."

म्हणजे सात दिवस.

दुबई-शारजात कोणी मराठी ख्रिस्ती असेल तर शुक्रवारी सकाळी साडेसहाला या. गाणं येत नसलं तरी चालेल. मलाही येत नाही. नुसतं शेजारी बसा, शेवटी आमेन म्हणा. दहा नकोत. एक माणूस पाहिजे.

सुधाकर, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो राहू दे माझ्याकडे. तू आता जा, आराम कर.

मनापासून निरोप, साळवे.