आधी विचारणारे दानिएलकाका

आदरणीय श्री. दानिएल आवळे, म्हणजे आम्हा सर्वांचे दानिएलकाका, यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते सागवानाच्या फळीवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझी आई नुकतीच प्रभूमध्ये निजली होती, शाळा नववीतच सुटली होती, आणि पाळकसाहेबांनी मला उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काकांच्या हाताखाली पाठवले होते. काकांना बरे वाटत नसावे असे वाटून मी दारातच थांबलो. तेवढ्यात मालक मोठ्याने म्हणाले, "थांबा की पावणं! लाकडाची नाडी बघाय लागल्यात."

काका हसले, पण डोळे उघडले नाहीत.

काकांचे काम पॅटर्नचे. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा लाकडी नमुना आधी करावा लागतो आणि त्यावरून वाळूत साचा उठवतात. लोखंड निवताना थोडे आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा असतो. करवत लावण्याआधी काका देवाला विचारत. प्रभू त्यांना मापे सांगत असावा, असा माझा समज होता. एकदा तसे बोललोही.

"माप पट्टी सांगती," काका म्हणाले. "तो माझी घाई काढून घेतो."

हे किती खरे आहे ते पुढे दिसले. मालकांना पंपाची झाकणे तातडीने हवी होती. ते डोक्यावर येऊन उभे राहिले आणि काकांनी न थांबता फळी कापली. आकसण्याची वाढ द्यायची राहून गेली. ओतलेली झाकणे पंपावर बसेनात. सगळे साचा उठवणाऱ्या मोल्डरला बोलू लागले, तेव्हा काका मालकांपुढे गेले.

"त्याची न्हाय, माझी चूक हाय. न इचारता कापलं."

"कुणाला न इचारता? देवाला का मला?"

"दोघास्नीबी."

मालकांना हसू आवरेना. काका मात्र नवी फळी काढायला गेले.

काकांच्या पत्नी मार्थाकाकू वारल्यावर काका शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहू लागले. रविवारी उपासनेनंतर ते मला जेवायला नेत. भाकरी ते थापत, चटणी मी वाटत असे. बोलायला आम्हांला फारसा विषय नसे. खालच्या गल्लीत फुटबॉलवरून पोरे भांडत, तो आवाज ऐकत आम्ही जेवत असू. उरलेला आठवडा मी माझ्या खोलीवर असे. जेवलास का, हे विचारणारे काकांशिवाय मला कोणी नव्हते.

नाशिकला असलेले त्यांचे चिरंजीव सुधीरदादा त्यांना कायमचे बोलावू लागले. "पप्पा, एकटे राहू नका. आम्ही सांभाळतो." चर्चच्या मंडळीतही सर्वांचे म्हणणे होते की काकांनी जावे. काका एवढेच म्हणत, "इचारतोय. अजून पाय उचलंना."

एका रविवारी त्यांनी मलाही याविषयी प्रार्थना करायला सांगितले. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असे म्हणायचे असते, हे मला ठाऊक होते. पण ते तोंडातून निघेना.

"देवाम्होरं चांगलं दिसायचं कशाला?" काका म्हणाले. "मनात हाय ते माग."

मग मी मागितले, "काकांना नेऊ नकोस."

काका "आमेन" म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटले, असे मला आजही वाटते.

गेल्या महिन्यात सुधीरदादांचा फोन आला. वहिनींच्या पाठीचे ऑपरेशन ठरले होते, मुले लहान होती. "पप्पा, तुम्ही या. मला एकट्याला जमत नाही."

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "इतके दिस सांभाळतो म्हणत हुता. आता सांभाळाय या म्हणतोय. हे निराळं बोलावणं हाय, विजू." आणि त्यांनी विचारले, "तुझं काय म्हणणं?"

माझी प्रार्थना त्यांनी ऐकलेली होती. तरीही त्यांनी विचारले. देवाला विचारणारा माणूस माणसालाही विचारतो, हे मी काकांकडून शिकलो. त्या वेळी मला नाही म्हणता आले असते, आणि काका रागावलेही नसते.

"जावा, काका," मी म्हणालो.

पंचाहत्तरीचा हा सोहळा झाला की काका नाशिकला जातील. प्रभूने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, त्यांचे गुडघे धड ठेवावेत, नातवंडांना खांद्यावर घेण्याचे बळ द्यावे. तिकडची थंडी त्यांना सोसावी. वहिनी लवकर हिंडूफिरू लागाव्यात. एवढे मी रोज मागतो. स्वतःसाठी काय मागावे, ते मला अजून सुचलेले नाही.