भुकेल्या मॅडम

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मॅडमचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "भूक लागलीय हो, काही आहे का?" बाहेरून आलेला साहेब चहासुद्धा नको नको म्हणत घेतो, ही बाई चपला काढायच्या आत जेवण मागायची. पुण्याच्या डॉक्टरीण, लहान लेकरांच्या कुपोषणाची कारणं शोधायला आमच्या सेनगाव तालुक्यात आलेल्या, आणि अंगानं अशा की वारं सुटलं तर धरून ठेवावं लागेल. "बाई लेकरांच्या इलाजाला आली का सोताच्या?" असं गावात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं आणि 'भुकेल्या मॅडम' हे नाव पडलं ते पडलंच.

मी तेव्हा बी. ए. होऊन घरी बसले होते. गावातलं ओळखीचं कुणीतरी सोबत हवं म्हणून त्यांनी मला घेतलं. पहिल्या दिवशी मला त्यांच्या खाण्याची लाजच वाटली. मग कळलं, बाईंची भूक मोठी हुशार होती. "लेकरू काय खातं?" असं विचारलं की आमच्याकडं वरण, भात, दूध, अंडं, सगळं ऐकायला मिळतं. परक्यापुढं घराची अब्रू झाकायची ही आमची रीतच आहे. मॅडम म्हणायच्या, "विचारलं की लोक लग्नातलं जेवण सांगतात. पंगतीत बसलं की रोजचं दिसतं." म्हणून त्या बसायच्या. जेवताना त्यांचं लक्ष स्वतःच्या ताटात कमी आणि लेकराच्या हाताकडं जास्त असे.

बाई तशा हसऱ्या, पण एका गोष्टीला भडकायच्या. एका घरी शेजारीण सहज बोलून गेली, "आईचंच ध्यान न्हाई, दुसरं काय!" मॅडमचे कान लाल झाले. "जिच्या कडेवर लेकरू, तिच्याच माथी कारण मारायचं होय? ही दिवस उगवायला कापूस वेचायला जाते, दिवे लागल्यावर येते. मधल्या वेळात त्याला भरवतं कोण, ते सांगा." भरवतं कोण, हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. त्या शेजारणीनं पदर सावरत काढता पाय घेतला.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरी ठीक होतं. पण आमच्याच घरात माझ्या भावाची आरू दीड वर्षाची झाली तरी अंग धरत नव्हती. हातापायांच्या काड्या, चेहऱ्यावर नुसते डोळे. दवाखान्यात दाखवून आणली, रोग काही निघाला नाही. मग आमच्या आईनं निकाल देऊन टाकला. "हिचं दूधच बाधून राहिलं लेकराला. सोयाबीन निघालं की हिला म्हायेरी धाडा. लेकरू इथं ऱ्हाऊ द्या." दादा खाली मान घालून बसला. वहिनी भाकरी थापत होती. डोळे पुसताना पीठ गालाला लागलं, ते तसंच राहिलं. मी आईशी भांडले, पण माझं कोण ऐकतं? मी सगळं मॅडमना सांगितलं. त्यांचे कान लाल झाले, पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मला तुमच्याकडं भूक लागणार."

आणि लागली. रोज दुपारी मॅडम आमच्याकडं हजर. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गुडघ्यांनी घरी बसवलेले. आरू त्यांचा जीव की प्राण. दुपारी ती त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटात जेवायची. "माझी नात दुसऱ्याच्या ताटाला शिवत न्हाई," हे आबांनी गावभर सांगून ठेवलेलं. वहिनी शेतात, आई गुरांमागं. संध्याकाळी वहिनी विचारायची, "जेवली का?" आई म्हणायची, "व्हय की, आबाच्या ताटात." आबांचं ताट म्हणजे जाड भाकरी, लालभडक आमटी आणि ठेचा. ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांना.

एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "आबा, आज मी तुमच्या ताटात जेवणार."

त्या दिवशी घरीच असलेल्या आईनं तांब्या खाली ठेवला. परकी बाई, म्हाताऱ्या माणसाच्या ताटात! आबा तर मागं सरकले. "काहून ओ मॅडम? ताटं कमी हायेत का आमच्याकडं?" तोवर मॅडमनी आमटीत भाकरी बुडवून ठेच्यासकट घास घेतलाही होता. दुसऱ्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. त्या पेलाभर पाणी प्याल्या, वर आणखी एक पेला, आणि हात आवरला. "झालं आबा. पोट भरलं."

"अवो, खाल्लं काय तुमी? दोन घास! पान्यानंच तर भरलं की प्वाट..."

आबा बोलता बोलता थांबले. मांडीवरची आरू त्यांचा पेला दोन्ही हातांनी धरून घटाघटा पाणी पीत होती.

मग आबांचा बारीक आवाज आला, "म्हंजी मीच लेकराला उपाशी ठिवून राहिलो व्हय?"

"नाही आबा," मॅडम म्हणाल्या. "ती जेवतेय असं सगळ्यांनाच वाटत होतं. तिला भरवायचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. आजपासून ते तुमचं." त्यांनी वाटी मागून घेतली. बिनतिखट वरणात भाकरी कुस्करली, वर तेल आणि शेंगदाण्याचं कूट. "हिची वाटी वेगळी. थोडं थोडं, पण घडीघडी. आणि वाटी संपेपर्यंत तुम्ही जागचं उठायचं नाही."

आबांनी ते काम धर्मासारखं केलं. चिमणीचा घास, काऊचा घास, म्हशीचा घास. कधी एका वाटीला सबंध दुपार जायची. संक्रांतीपर्यंत आरूच्या गालांवर मांस दिसायला लागलं. माहेरचा विषय आईनं पुन्हा काढला नाही. चुकले असं म्हणणाऱ्यांतली आमची आई नव्हे. पण एकदा न बोलता तिनं वहिनीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. वहिनी त्या दिवशी पोटभर रडली आणि पोटभर जेवली.

पुढं मॅडमचं काम संपलं, त्या गेल्या. आज मी अंगणवाडीत आहे. कुणाच्या घरी गेले की आधी जेवायला बसते. त्यांच्याएवढी भूक मात्र मला अजून साधलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. कुणाच्या हातचं काही घेईनात. एका दुपारी आरू, आता चांगली शाळेत जाणारी, आपली जुनी वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसली. भाकरी कुस्करलेली, बिनतिखट वरण. "आबा, वाटी सरेस्तोर मी उठत नसते." आबांनी तोंड उघडलं. त्यानंतर गेले त्या दिवसापर्यंत ते फक्त तिच्याच हातून जेवले.

मी मॅडमना फोन केला. आबा गेले म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेवटी भरवत कोण होतं गं?"

"आरू. तिच्याच वाटीतून."

पलीकडून हुंदका आला. मग त्यांचा तोच जुना आवाज.

"मला भूक लागलीय. येते मी तिकडं."