शनवाऱ्यातली ‘संतुष्ट’ माणसं

मंडळी, आज ऑफिसात अक्षरशः किळस आली.

शहरात कावीळ पसरली आहे. पाण्याच्या तक्रारी नकाशावर मांडायच्या आणि टँकर कुठे हवेत ते दाखवायचं, हे माझं काम. तक्रार असेल तिथे लाल. तक्रारदार फोनवर ‘संतुष्ट’ म्हणाला की तक्रार बंद, ठिपका हिरवा.

काल शनवारा मोहल्ला लालभडक होता. आज सकाळी बघतो तर हिरवागार! साहेबांनी लगेच तिथला टँकर दुसरीकडे वळवला.

माझी मावशी शनवाऱ्यातच राहते. तिला फोन लावला. "पाणी सुधारलं का गं?"

"कुठलं रे! वासच येऊन राहिला. पण तुमच्याच ऑफिसातून फोन आलता. म्हणे, ‘माताजी, संतुष्ट बोल दो, तभी टँकर आएगा.’ सगळ्या गल्लीनं बोलून दिलं."

साहेबांना हे सांगितलं, तर हसले. "शिकायत बंद झाली ना? मग बस!"

लोक पिवळे पडताहेत आणि यांना नकाशा हिरवा हवा. थू!

आत्ता मावशीचा परत फोन आला होता. "मी तर संतुष्ट बोलली ना बेटा, मग टँकर कुठं अडला?"

सांगा, तिला काय उत्तर देऊ?